गव्यासाठी घेतलेली दुनळी

आमच्या थोरल्या दिरांना गवा मारायचा होता. गव्याने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. त्यांनी गवा कधी पाहिलाही नव्हता. पाहिलं होतं ते गव्याचं मुंडकं, भिवंडीतल्याच दुसऱ्या एका लूममालकाच्या ऑफिसात, खुर्चीमागच्या भिंतीवर ठोकलेलं. त्या गृहस्थाने ते कुठल्याशा लिलावात उचललं होतं आणि एका बाजूचा काचेचा डोळा पडल्यामुळे तिथे कोटाचं बटण चिकटवलं होतं. पण दीर तिथून परतले ते गव्याचा ध्यास घेऊनच. जेवताना म्हणाले, "त्याच्याकडं हाय, आन् आपल्याकडं न्हाय?" आमच्या घरातले बहुतेक निर्णय याच एका वाक्यावर होत. रेडिओग्राम असाच आला होता आणि जीपही अशीच.

ही सत्तर-एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. सासरची मंडळी मूळची कशेळीची, खाडीकाठची. मिठागर आणि भातशेती होती, ती मागे टाकून भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, घातलेले. खाली शेड, वर राहायची जागा. जमीन सतत थरथरायची, भांड्यातलं पाणीसुद्धा थरथरायचं. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. घरात त्याचं कौतुक कुणाला नव्हतं, पण दिरांना मला हाक मारायला एक नाव मिळालं होतं, मास्तरीणबाई. त्यात आदर किती आणि टोमणा किती हे ते स्वतःही सांगू शकले नसते.

माझ्याबरोबर सासरी एक रायफल आली होती. म्हणजे लग्नात आली नव्हती, नंतर आली. माझे वडील खारबावचे, पण नोकरी जंगलखात्यात. मुंबई इलाखा असताना त्यांनी कारवारकडच्या जंगलात वर्षानुवर्षं काढली. तिथल्या एका साहेबाने देश सोडताना आपली ३७५ बोअरची रायफल त्यांना विकली. बोअर म्हणजे नळीचं भोक, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेलं. गोळी किती जाड ते त्यावरून कळतं. वडिलांना मुलगा नव्हता. सुट्टीत घरी आले की ते मला खारबावच्या माळावर घेऊन जात आणि नारळाच्या करवंट्या मांडून नेम धरायला शिकवत. ते गेल्यावर रायफलचा परवाना मी माझ्या नावावर मागितला. ठाण्याच्या कचेरीतला कारकून म्हणाला, "बाई, विकून टाका आणि शिलाई मशीन घ्या." मी म्हणाले, "शिलाई मशीन आहे माझ्याकडे." परवाना मिळाला. रायफल आमच्या खोलीतल्या कपाटात, साड्यांच्या मागे उभी राहिली.

घरात गव्याला पुरेल अशी बंदूक आधीच असताना दिरांनी नवी शोधायला घेतली. आणि त्या शोधात मला वर्षभर चहा करावा लागला.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. त्या दिवशी वरच्या दिवाणखान्यात बैठक भरे. दीर असत, सुताचे एकदोन व्यापारी येऊनजाऊन असत, आणि न चुकता असत ते दिरांचे वकीलमित्र. वकिलांकडे विलायती बंदुकांची पुस्तकं होती, जाडजूड, चित्रांची. त्यांनी आयुष्यात मारलेला सर्वांत मोठा प्राणी झुरळ असावा, आणि तेही बायकोने दाखवून दिल्यावर. पण आफ्रिकेतल्या हत्तीला कपाळावर कुठे मारावं हे ते बोट आपल्या कपाळावर ठेवून सांगत. त्यांचं म्हणणं असं की तीनशे पंधरा म्हणजे राखणदारांची बंदूक, ती सोडून द्या. थर्टी-ओ-सिक्स म्हणजे हरणं मारायची. आणि ३७५? तिथे त्यांचा चेहरा आमटीत मीठ कमी पडल्यासारखा व्हायचा. "चालते. पण गव्यासमोर जरा बायकीच."

हे वाक्य मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारात उभी असताना बोललं गेलं. दिरांना ते आवडलं. ते हसले, आणि मग मला बघून आणखी मोठ्याने हसले.

"काय मास्तरीणबाई, तुझ्या बापाने मारला व्हता का गवा?"

"साहेबांबरोबर असायचे, भाऊजी. दोन मारले, आणि साहेबांनी जखमी करून सोडलेले बरेच शोधून संपवले."

"मग काय बोलायचे ते? कंची बंदूक चांगली?"

मला वाटलं, खरंच विचारताहेत. मी ट्रे खाली ठेवला आणि सांगितलं. वडील म्हणायचे, गव्याच्या पाठीवर उंच वरंबा असतो, त्याला बघून माणूस नेम वर धरतो आणि गोळी हाडाला न लागता नुसत्या मांसातून निघून जाते. नेम खाली हवा, पुढच्या पायाच्या रेषेत. जनावर मोठं असलं म्हणून मारायची जागा मोठी होत नाही. तिथे गोळी खोलवर जायला हवी, म्हणून सॉलिड हवी, सबंध पोलादी वेष्टणाची, आत फुटून न पसरणारी. ३७५ची सॉलिड गव्याच्या खांद्यातून आत जाते. त्याहून मोठा बोअर घ्यायचा तर घ्या, पण त्याचा धक्का सोसून डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत. आणि सगळ्यात आधी हे बघा की त्याची काडतुसं इथे मिळतात का. बाहेरून येणं बंद झालंय.

मग वकील माझ्याकडे न बघता दिरांना म्हणाले, "वहिनींचं पाठांतर चांगलं आहे. पण फूट-पौंडांचा, म्हणजे गोळीच्या जोराचा, विचार त्यात नाही." आणि त्यांनी पुस्तक उघडलं.

त्यांना निर्णय नको होता, बैठक हवी होती. गवा कुठल्या जंगलात आहे, माग कोण काढणार, डोंगर चढायला दिरांचा दम पुरेल का, यावर कधी कुणी बोललं नाही. बोअर मात्र दर शुक्रवारी वाढत गेला. ४०५ झाला, ४२३ झाला, ४५० झाला. जेवढा बोअर मोठा, तेवढा माणूस मोठा, असा हिशेब होता. गव्याचं या सगळ्यात काही चाललं नव्हतं.

त्याच सुमाराला संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि राजवाड्यांतल्या वस्तू बाजारात येऊ लागल्या. वकिलांनी कुठूनसा एक दलाल धरला आणि दिरांनी ४७० बोअरची विलायती दुनळी रायफल घेतली. दिसायला देखणी होती, हे मला कबूल करायला हवं. चांदीच्या पत्र्यावर कोरलेली वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता. वजन पाणी भरलेल्या कळशीएवढं. बरोबर काडतुसं आली ती मूठभर, हिरवट पडलेली, बहुधा राजेसाहेबांच्या वडिलांच्या वेळची. सगळी सॉलिड. आणखी कुठेच मिळाली नाहीत. मी वर्षभरापूर्वी हेच सांगितलं होतं, याची आठवण कुणी काढली नाही. मीही काढली नाही. त्यांची अडचण बघणं मला पुरेसं होतं.

मानकोलीच्या अलीकडे एक दगडखाण होती. तिथे बंदूक चालवून बघायचं ठरलं. दिरांनी मला आणि माझ्या नवऱ्यालाही जीपमध्ये घेतलं. मला कशासाठी, तर "तुझी पण आण, मंजे फरक कळंल." खाणीच्या भिंतीशी रॉकेलचा डबा ठेवला. दिरांनी खाकी शर्ट आणि टोपी घातली होती. त्यांनी दस्ता खांद्याला धरला तो सैल, दाबून नाही. मी सांगायला पुढे झाले, तर वकिलांनी हात करून थांबवलं.

आवाज एकच झाला, पण तो दोन्ही नळ्यांचा होता. धक्क्याने बोट एका चापावरून दुसऱ्यावर गेलं होतं. दीर खडीत बसले. टोपी मागे उडाली होती. ओठ फुटला होता. क्षणभर त्यांच्या तोंडावर जे भाव होते ते मी नंतर वर्गात अनेकदा पाहिलेत, कारण नसताना मार बसलेल्या मुलाच्या तोंडावर. डबा जागेवर होता.

"पॉवर बघितलीत?" वकील म्हणाले. "गवा आवाजानेच मरेल."

दिरांनी पुन्हा बंदूक उचलली, कारण सगळे बघत होते. या वेळी मी डब्याकडे न बघता त्यांच्याकडे बघितलं. चाप ओढायच्या आधीच त्यांचे डोळे घट्ट मिटले आणि मान बाजूला वळली. गोळी खाणीतल्या डबक्यात गेली. मग त्यांनी दुनळी जीपमध्ये ठेवली आणि म्हणाले, "काडतुसं वाया नको."

मग मला मारायला सांगितलं. मी मारली. डबा उडाला. पुन्हा ठेवला, पुन्हा उडाला. नवरा खाली बघत होता, पण त्याला हसू येत होतं. वकील म्हणाले, "लहान बोअरला धक्का कमी ना, त्यामुळे जमतं."

वर्षभरापूर्वी मी दुसरं काही सांगितलंच नव्हतं. आता तेच वाक्य त्यांनी मला कमी लेखण्यासाठी वापरलं. वकिलीत बुद्धी लागते असा माझा समज होता, तो त्या खाणीत गेला.

दिरांचा खांदा दंडापर्यंत काळानिळा झाला. जाऊबाई रोज हळद-तुरटी लावत होत्या. तरी चंद्रपूरकडच्या एका जंगलातला शिकारीचा ब्लॉक, म्हणजे शिकारीसाठी नेमून दिलेला तुकडा, मिळवायची खटपट सुरू होती. जीपला कॅरियर बसवलं, तंबू शिवून घेतला. आणि वन्य प्राण्यांचा नवा कायदा आला. शिकारीच्या परवानग्या थांबल्या, ब्लॉक रद्द झाला. त्या शुक्रवारी दिवाणखान्यात सुतक असल्यासारखे सगळे बसले होते. वकील म्हणाले, सरकारला शौर्याची कदर नाही. दीर मला सुटल्यासारखे दिसले, पण तसं मी कुणाला म्हणाले नाही.

दुनळी काचेच्या कपाटात गेली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची वस्तू झाली. सबंध तालुक्यात माहीत झालं की अमुक शेटकडे गव्याची बंदूक आहे. असं दोनेक वर्षं चाललं.

मग एका शुक्रवारी, भाताची कापणी होऊन शेतं मोकळी झालेली, बैठक भरलेली असताना जिन्यावर माणसांचे पाय वाजले. मानकोलीचे सरपंच आणि त्यांच्या गावाबाहेरच्या तबेल्याचा मालक, उत्तरेकडचा भैया, असे दोघं वर आले. भैयाच्या सदऱ्यावर रक्त होतं. सरपंचांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तबेल्यातल्या मोठ्या रेड्याला मागे पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. दोन दिवस तो खात-पीत नव्हता, घोगरा हंबरत होता. आज साखळी तोडली. आडव्या आलेल्या गड्याला गव्हाणीच्या खांबाशी चिरडलं आणि बाहेर शेतात गेला. गडी दवाखान्यात नेतानेता गेला. हवालदाराने आपल्या जुनाट मस्केट बंदुकीच्या दोन गोळ्या घातल्या, त्यांनी रेडा चिडला एवढंच.

"शेट," सरपंच म्हणाले, "तुमची ती गव्याची बंदूक हाय ना?"

दीर कपाटाकडे बघत राहिले. वकिलांनी घसा साफ केला. "जनावर पाळीव आहे. मालकाची लेखी संमती लागेल. आणि गोळी कुणा माणसाला लागली तर जबाबदारी कुणाची? माझा सल्ला असा, की आधी जनावरांच्या डॉक्टरला कळवावं."

भैया त्यांच्याकडे वळला. "वकील साब, लिखा-पढ़ी बाद में कर लेंगे. मेरा आदमी मर गया है."

दीर उठले. कपाटाची किल्ली त्यांच्या करगोट्याला असायची, ती काढून त्यांनी दुनळी बाहेर घेतली. माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तरीणबाई, तुझी बी घे." वकिलांना त्याच वेळी पित्त उसळलं. ते घरी गेले.

मानकोलीला पोचलो तेव्हा माणसं घरांच्या छपरांवर आणि झाडांवर बसली होती. रेडा एका मोकळ्या शेताच्या कोपऱ्यात, पेंढ्याच्या उडवीला शिंगं मारत उभा होता. तोंडातून लाळेच्या तारा लोंबत होत्या, मागचे पाय अडखळत होते. मध्येच मान वर करून तो ओरडायचा. तो आवाज जनावराचा वाटत नव्हता. फुटलेल्या भोंग्यासारखा होता. दिरांनी जीपच्या बॉनेटवरूनच नेम धरायला घेतला.

"भाऊजी, इथून नको. मागे घरं आहेत. तुमच्या गोळ्या सॉलिड आहेत, रेड्यातून निघून कुडाच्या भिंतीतून आत जातील."

मला वाटलं, ऐकणार नाहीत. त्यांनी ऐकलं. आम्ही शेताला वळसा घालून दुसऱ्या बाजूने गेलो. आता रेड्याच्या मागे खाडीचा बांध होता आणि त्यापलीकडे रिकामी खाजणं. आमच्याबरोबर आलेला नवरा आणि सरपंच जीपपाशीच थांबले. बांधाबांधाने चालताना दीर एकदम उभे राहिले.

"थांब जरा."

घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्या मनात आलं, आता परत फिरणार. मी ते मनात ठरवूनच आले होते. परत फिरताना ते काय कारण सांगतील तेही मी ठरवलं होतं.

"मना रेड्याची भीती न्हाय वाटत," ते हळू म्हणाले. "खरं सांगतो. लहानपणी म्हशीच घेऊन फिरलोय मी. ही दुनळी... ही मारील मना. त्या खाणीपासून हिला हात लावला ना, खांद्यात कळ येते. चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. किती धरले तरी मिटतात."

इतक्या वर्षांत त्या घरात बंदुकीविषयी बोललेलं ते पहिलं शहाणं वाक्य होतं.

"मग ही घ्या," मी म्हणाले.

"तुझ्या बापाची?"

"हो. हिचा धक्का सोसवतो. दस्ता खांद्यात दाबून धरा. एक मारली की हा दांडा, बोल्ट, पूर्ण मागे ओढायचा, पूर्ण पुढे ढकलायचा. समोरून आला तर छातीच्या खळग्यात मारा."

त्यांनी रायफल घेतली आणि दुनळी माझ्या हातात दिली. मी ती भरलेली आहे का बघितलं आणि त्यांच्या बाजूला, एक पाऊल मागे उभी राहिले. त्यांना जमलं नाही तर मला त्या जुनाट काडतुसांवर भरवसा ठेवावा लागणार होता. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला दिसू नये एवढीच काळजी होती.

आणखी थोडं पुढे गेलो तेव्हा रेड्याने आम्हाला पाहिलं. तो आधी चालत आला, मग धावत. पिसाळलेलं जनावर सरळ येत नाही, झोकांड्या देत येतं, त्यामुळे छाती मध्येच दिसायची, मध्येच नाहीशी व्हायची. दिरांनी घाई केली नाही. पहिली गोळी लागली तसा रेडा गुडघ्यांवर आला, ढेकळं उडाली, आणि तो पुन्हा उठला. दिरांचा हात बोल्टवरून घसरला. अंगठ्याची साल निघाली.

"पूर्ण मागे!" मी वर्गात ओरडते तशी ओरडले.

त्यांनी बोल्ट ओढला, ढकलला, आणि रेडा अगदी पुढ्यात आला असताना दुसरी मारली. तो मानेवर कोसळला आणि घसरत आला. दिरांनी पाऊल मागे घेतलं नव्हतं. माझ्या हातातली दुनळी तशीच राहिली.

खरं सांगायचं तर मला त्यांचा राग आला. ज्याचा बिनधोक तिरस्कार करता येईल असा माणूस घरात होता, आणि तो आज भेकड निघायला तयार नव्हता. त्यांच्यात हिंमत होती. दोन वर्षं ती चुकीच्या बोअरखाली दबून बसली होती, आणि ती तिथे कुणी बसवली होती, तर घरी पित्त घेऊन झोपलेल्या माणसाने.

माझा हा मोठेपणा फार वेळ टिकला नाही. गाव धावत आलं, आरडाओरडा झाला, कुणीतरी सायकलवरून जाऊन फोटोवाल्याला घेऊन आलं. दिरांनी टोपी घातली. ३७५ माझ्याकडे परत दिली, माझ्याकडची दुनळी पुसून हातात धरली आणि रेड्याच्या डोक्याशी बसले.

"लाळेला हात लावू नका," मी म्हणाले. "अंगठा सोललाय तुमचा."

"गप गं, फोटो हाय."

आणि त्यांनी रेड्याचा खालचा ओठ त्याच अंगठ्याने खाली ओढला, दात दिसावेत म्हणून. गवत खाणाऱ्या जनावराचे दात.

भैयाने फोटोकडे पाठ फिरवली होती. तो सरपंचांना विचारत होता, गड्याचं शव गावी कसं पाठवायचं. त्याच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी माझ्या नवऱ्याने त्याला जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. रेडा चुना टाकून पुरला. मुंडकं तपासायला मुंबईला गेलं आणि उत्तर आलं ते अपेक्षेप्रमाणेच, रेडा पिसाळलेला होता. नगरपालिकेच्या डॉक्टरांनी दिरांचा अंगठा बघितला, फोटोची हकिकत ऐकली आणि पोटातली चौदा इंजेक्शनं लिहून दिली.

दवाखाना माझ्या शाळेच्या वाटेवर होता. दीर म्हणाले, "तू चल बरोबर." सुईला घाबरत होते. सकाळी कुत्रं चावलेल्यांची रांग लागायची, त्यात भिंतीला टेकून तेही उभे राहत. पुढे एक लूमवर काम करणारा तरुण असायचा, पोटरीला पट्टी बांधलेला. त्याने एकदा विचारलं, "सेठ, आपको भी कुत्ता?"

"नहीं. भैंसा."

आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत, हातवारे न करता. की मेरी बंदूक बड़ी थी, पर मेरे को उससे डर लगता है. की मारा इसकी बंदूक से, माझ्याकडे बोट दाखवून, और इसने बोला तब दूसरी गोली भरी. तो तरुण म्हणाला, "डर तो लगता है, सेठ," आणि दीर म्हणाले, "हां, बहुत लगता है." मी इतकी वर्षं त्या घरात होते, एवढ्या सरळ बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

इंजेक्शनं संपली त्या शुक्रवारी बैठक भरली. फोटो मोठा करून, चौकटीत घालून, दुनळीच्या कपाटावर लावला होता. वकील आले होते, पित्त बरं होऊन. मी चहा घेऊन आत गेले तेव्हा दीर सांगत होते, "...आन् एकच गोळी. चारशे सत्तरची. जागेवर बसला."

"मी म्हणालोच होतो," वकील म्हणाले. "बोअर मोठाच हवा."

मी ट्रे खाली ठेवला. "दोन गोळ्या लागल्या. आणि बंदूक माझ्या वडिलांची होती. भाऊजींना विचारा."

सगळे दिरांकडे बघू लागले. दिरांनी कप उचलला, त्यात बघितलं आणि ते चहा प्यायले. वकील हसले. "वहिनी बैठकीत आल्या की जरा गंमत येते."

ते खोटं बोलले याचं मला एवढं काही वाटलं नाही. खोटं त्या दिवाणखान्यात नेहमीच बोललं जायचं. पण खरं काय ते त्यांना पुरतं माहीत होतं आणि सांगताही येत होतं. ते त्यांनी कुत्रं चावलेल्या मजुराला सांगितलं, कारण त्याच्या मताला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. आणि ज्याच्या मताला खरोखर काडीची किंमत नव्हती, त्याच्यासमोर ते लपवलं. भेकड माणसाची मला कीव येऊ शकते. याची आली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही शाळेजवळ दोन खोल्या घेतल्या. सामान फार नव्हतं. टेम्पोत मागे मी रायफलची पेटी मांडीवर घेऊन बसले होते आणि नवरा स्टोव्ह सांभाळत होता. धामणकर नाका गेल्यावर त्याने विचारलं, "दादाने खरंच पाऊल मागे घेतलं नव्हतं?"

"नाही."

"मग तो असं का सांगतो? खरं सांगितलं तर जास्त शोभलं असतं."

"मला काय माहीत? तुम्ही विचारा त्यांना."

"ते मला जमायचं नाही," तो म्हणाला, आणि खड्ड्यात टेम्पो आदळला तसा त्याने स्टोव्ह दोन्ही हातांनी घट्ट धरला.